छतावरच्या सौरला ७८ हजार कशाला?

भाडेकरू_पुणेकर
फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि तीन किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार अनुदान मिळतं. उद्दिष्ट एक कोटी घरं, तरतूद ७५ हजार कोटींच्या वर. माझ्या मते हा पैसा नको त्या छतांवर चाललाय. तीन किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. ती बंगलेवाल्याकडे असते. शिवाय अनुदान मागाहून खात्यात येतं, आधी आपण पैसे घालायचे नाहीतर कर्ज काढायचं. मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि माझ्या करातून शेजारच्या बंगल्याचं बिल शून्यावर येतं. हेच पैसे शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीला द्या.

गच्चीवाला
असहमत. ती गच्ची आयुष्यभराच्या पगारातून झालीय, लॉटरीतून नाही. किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिट पडतात, जुलैत बरेच कमी. दुपारी उरलेली वीज आळीतच खपते. ती चंद्रपूरच्या वीजकेंद्राहून आणावी लागत नाही, म्हणजे वाटेतली गळतीही वाचली. आणि आमचीही चांदी नाही. ग्रिडला दिलेले जे युनिट ३१ मार्चला खात्यात शिल्लक राहतात ते कवडीमोल दराने जातात. फ्लॅटवाल्यांचं म्हणाल तर सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॉटला १८ हजार आहेतच. घरमालकाला वार्षिक सभेला पाठवा.

भाडेकरू_पुणेकर
घरमालक अमेरिकेत असतो 🙂

मीटरबाज
गळती वाचते हे मान्य, पण अर्धंच सांगितलंत. जास्त वापराच्या वरच्या स्लॅबचा युनिट खालच्यापेक्षा दुपटीहून महाग आहे. त्या महाग युनिटवर आणि उद्योगांच्या बिलावर लहान घरांचे नि शेतीचे दर सांभाळले जातात. अनुदान घेऊन हेच ग्राहक बाहेर पडले की तारा, रोहित्रं, लाइनमनचा खर्च कोणावर? संध्याकाळी सातला सगळ्यांचे एसी ग्रिडवरच असतात. पॅनेलला नको, दुपारची वीज साठवणाऱ्या बॅटरीला अनुदान द्या, मग बोलू.

रात्रीची_पाळी (जुन्नर)
शहराचं तुम्ही बघा. आमच्याकडे शेतीपंपाला एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी आलटून पालटून लाइट. रात्रीची पाळी आली की साडेबाराला टॉर्च घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं, उसात बिबट्या आहे हे माहीत असून. त्यामुळे दिवसा वीज हा आमच्यासाठी जिवाचा प्रश्न आहे.

पण "शेतीला सौर" म्हणून एकाच पोत्यात घालू नका. दहा टक्के भरून (एससी-एसटीला पाच) स्वतंत्र सौरपंप मिळतो. आमच्या वाडीत एकाचा कंट्रोलर गेला, पुरवठादाराचा माणूस ऐन कांद्याच्या पाण्यात फिरकला नाही. पीक निघाल्यावर तेच पॅनेल नुसतं ऊन खात बसतं, त्या विजेचा दुसरा उपयोग नाही. त्यापेक्षा सौर कृषी वाहिनी २.० बरी. उपकेंद्राजवळ प्रकल्प, सगळा फीडर दिवसा चालू, आपली मोटार आहे तीच, आणि उरलेली वीज ग्रिडला. पडीक जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. १६ हजार मेगावॉटचं लक्ष्य आहे, पैसा तिथं घाला.

भूजल
साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल एप्रिल २०२४ पासून माफ. त्यावर दिवसभर वीज. बोअरला विश्रांती कधी? रात्रीच्या लाइटीचा एकच गुण होता, उपशाला आपोआप लगाम बसायचा.

रात्रीची_पाळी (जुन्नर)
लगाम? रात्री उठायला नको म्हणून लोक ऑटो स्टार्टर लावून झोपतात. लाइट आली की मोटार सुरू, वाफा फुटला तरी पहाटेपर्यंत पाणी चालू. दिवसा माणूस बांधावर असतो, भिजलं की बंद करतो. उपसा कमी हवा तर ठिबकची सक्ती करा, आमची झोप कशाला मोडता?

गच्चीवाला
धागाकर्त्याला एक राहिलं. छतावरच्या सौरसाठी राज्याची २०२५ ची स्मार्ट योजना महिन्याला १०० युनिटच्या आतल्यांसाठीच आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॉटला केंद्राचे ३० हजार, राज्याचे साडेसतरा. स्वतःचे भरायचे अडीच हजार. हेही बंगलेवाले का?

भाडेकरू_पुणेकर
नाहीत, आणि ही योजना मला पटते. मग उलटं करा ना. अडीच हजारवाल्यांची यादी आधी संपवा, महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्याला फक्त कमी व्याजाचं कर्ज द्या. मीटरबाज म्हणतात तसा वरचा स्लॅब इतका महाग असेल, तर तो अनुदानाशिवायही पॅनेल लावेलच.

गच्चीवाला
लावेल, पण दोन वर्षं उशिरा. आणि त्याचं बघून लावणारे शेजारी आणखी दोन वर्षांनी.