पोराचा कान सारखा फुटतो, मोठा झाल्यावर आपोआप थांबतं का?

धाकटी_मावशी:
बहिणीचा मुलगा ५ वर्षांचा, सर्दी झाली की डावा कान फुटतोच. यावेळी तीन आठवडे झाले तरी वाहतोय, सकाळी उशीवर पिवळा डाग. आधी दोन रात्री रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं मग कान वाहायला लागला आणि दुखायचं एकदम थांबलं, म्हणून सगळे म्हणतायत घाण निघून गेली, बरं झालं. मी उगाच टेन्शन घेतेय का?

बालवॉर्ड_सिस्टर:
उगाच नाही ताई. दुखायचं थांबलं कारण पडदा फाटला आणि आतला पू मोकळा झाला, आजार आहे तिथेच आहे. लहान मुलांची नाक-कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, सर्दी लगेच कानात उतरते. वय वाढलं की हे कमी होतं खरं, पण तोवर पडद्याचं भोक भरेलच असं नाही. दोन आठवड्यांच्या वर वाहिला की तो जुनाट कान. डॉक्टर ड्रॉप्स देतील, पण त्याआधी कान कोरडा करायचा, स्वच्छ सुती कापडाची वात करून कानात ठेवायची, भिजली की काढून दुसरी, कोरडी निघेपर्यंत. पुवाने भरलेल्या कानात ड्रॉप्स आत पोचतच नाहीत, इथेच सगळे चुकतात. कानामागे सूज आली तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

साधा_माणूस:
कोमट तेलाचे दोन थेंब टाका, आम्ही असेच मोठे झालो

बालवॉर्ड_सिस्टर:
अहो फाटक्या पडद्यातून तेल कुठे जाणार? नका सांगू असलं. आणि घरात पडलेले जुने ड्रॉप्सही नकोत, जेंटामायसिनसारखं औषध आत गेलं तर आतला कानच खराब होऊन ऐकू येणं कमी होऊ शकतं.

खडू_डस्टर:
त्याला ऐकू किती येतं ते पण तपासून घ्या. माझ्या वर्गात एक होता, सगळे म्हणायचे लक्ष नसतं, मीही दोनदा ओरडले, नंतर लक्षात आलं की मी फळ्याकडे तोंड करून बोलले की त्याचं लिहिणं थांबतं. अजून वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या रिपोर्टात आहे की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मुलांच्या ७५ टक्के बहिरेपणाची कारणं टाळता येण्यासारखी असतात, म्हणजे कान फुटणं, गोवर, रुबेला, मेंदूज्वर असलीच. पण बऱ्याच गरीब देशांत दहा लाख लोकांमागे एकसुद्धा कानाचा डॉक्टर नाही, तिथे हे ओळखणार कोण, आईबाप नाहीतर मास्तरच.

धाकटी_मावशी:
आत्ता उजवा कान दाबून मागून हळू हाक मारली. तीनदा. वळलाच नाही. उद्याच नेतोय. तोवर अंघोळ डोक्यावरून घालायची का?

बालवॉर्ड_सिस्टर:
घाला, पण बाहेरून व्हॅसलीन लावलेला कापूस बसवा आणि नंतर लगेच काढा. पोहणं बंद.