स्कूबलला टायगर्सनी विकावं की धरून ठेवावं? (आणि जर्सी घ्यावी का?)

नोव्हीकर:
नमस्कार मंडळी. डेट्रॉईटच्या बाजूचे कोणी बेसबॉल बघणारे असाल तर जरा सल्ला हवाय. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, डावखुरी आहे, सॉफ्टबॉल खेळते, आणि तिला या ख्रिसमसला तारिक स्कूबलची २९ नंबरची जर्सी पाहिजे. चांगली जर्सी दीडशे डॉलरच्या पुढे जाते, तेही एकवेळ चालेल, पण ऑफिसात कॉफी मशीनपाशी रोज एकच विषय चाललाय की डेट्रॉईटचे टायगर्स याला याच हिवाळ्यात ट्रेड करणार, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात खेळाडू घेणार. मी २०२१ ला चाकणहून इकडे आलो, क्रिकेटवर वाढलेला माणूस, त्यामुळे मला हे गणितच कळत नाहीये. पोरगा २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं साय यंग अवॉर्ड जिंकतो, म्हणजे अमेरिकन लीगमधला सगळ्यात भारी पिचर (आपल्या भाषेत बॉलर), टीम दोन्ही वर्षं प्लेऑफला जाते, आणि लोक म्हणतात विका? का, तर २०२६ चा सीझन संपला की तो फ्री एजंट होतो, कुठल्याही टीमकडे जायला मोकळा. मग आत्ताच बसून करार वाढवून टाका ना, मालकाकडे पैसे नाहीत असं थोडंच आहे. तुम्ही टीम चालवत असतात तर काय केलं असतं? जर्सीचंही सांगा, डिसेंबर २०२५ चे शेवटचे आठवडे उरलेत, ऑर्डर वेळेत यायला हवी.

मिलवॉकीवाला:
विका. आजच्या आज विका. मी ब्रूअर्सचा माणूस आहे, आमच्याकडे अगदी हीच केस होती. कॉर्बिन बर्न्स, २०२१ चा नॅशनल लीगचा साय यंग, फ्री एजंट व्हायला एक वर्ष उरलेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या लोकांनी त्याला बाल्टिमोरला दिला आणि बदल्यात जोई ऑर्टिझ, डीएल हॉल आणि ड्राफ्टमधला एक पिक (नवीन पोरं निवडताना एक जादा संधी) घेतला. मीसुद्धा तेव्हा शिव्या घातल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण त्याच वर्षी ऑर्टिझ रोज थर्ड बेसला खेळला आणि आम्ही डिव्हिजन (म्हणजे आमचा गट) जिंकलो, २०२५ ला तर ९७ मॅच जिंकून सगळ्या लीगमध्ये पहिले आलो. बाल्टिमोरला बर्न्स एक वर्ष मिळाला, प्लेऑफमध्ये ते एकही मॅच न जिंकता बाहेर पडले, आणि बर्न्स २१ कोटी डॉलर घेऊन ॲरिझोनाला गेला, तिथे २०२५ च्या जूनमध्ये कोपराचं ऑपरेशन. पिचरच्या हातावर एवढा पैसा लावणं म्हणजे पावसाळ्यात घाटातल्या दरडीखाली गाडी पार्क करण्यासारखं आहे, पडली नाही तर नशीब.

ट्रॉयची_ताई:
नोव्हीकर, मी इथे २००६ पासून आहे आणि त्याच वर्षी टायगर्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, गेले म्हणून नाद लागला. एक्स्टेन्शन (करार वाढवणं), ट्रेड, फुकट सोडणं, हे सगळं याच टीमनं एकदा तरी करून बघितलंय, त्यामुळे मिलवॉकी कशाला, आपल्या घरचंच बघू.

मिगेल कब्रेरा. २०१२ ला ट्रिपल क्राउन (बॅटिंगच्या तिन्ही मुख्य आकड्यांत लीगमध्ये पहिला), जी १९६७ नंतर कोणालाच जमली नव्हती. मार्च २०१४ मध्ये त्याच्या कराराची दोन वर्षं बाकी असताना आणखी आठ वर्षं, २४.८ कोटी डॉलर देऊन बांधून टाकला. खरा कब्रेरा २०१६ पर्यंतच दिसला, पुढे पाठ आणि गुडघे. हिशेबाच्या वहीत हा करार तोट्यातच जाणार. पण २३ एप्रिल २०२२ ला आम्ही घरचे चौघं टायगर्सच्या स्टेडियमात, कोमेरिका पार्कात होतो, शनिवार होता, कोलोराडोविरुद्ध पहिल्याच इनिंगमध्ये त्यानं उजवीकडे एक साधा ग्राउंडर मारला आणि तो पहिल्या-दुसऱ्या बेसच्या मधून निघून गेला, तीन हजारावी हिट. समोरच्या टीमचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) होझे इग्लेसियस, जो आधी आपल्याकडेच होता, तो खेळ सोडून धावत येऊन त्याला मिठी मारतो. माझे सासरे तेव्हा सांगलीहून आले होते, त्यांना नियम एक कळत नव्हता, पण ते उभं राहून टाळ्या वाजवत होते. आता याचे किती डॉलर लावायचे ते तुम्ही ठरवा.

मॅक्स शर्झर. हा पिचर. त्याच २०१४ मध्ये सहा वर्षांचे १४.४ कोटी देऊ केले, त्यानं नाही म्हटलं. सीझन संपल्यावर वॉशिंग्टनला २१ कोटींना गेला, तिथे दोन साय यंग आणि २०१९ ची वर्ल्ड सिरीज. आपल्याला ड्राफ्टचा एक पिक. पोटात अजून दुखतं.

डेव्हिड प्राइस. हाही पिचर. ३१ जुलै २०१४ ला घेतला तेव्हाची गंमत म्हणजे ऑस्टिन जॅक्सन सेंटर फील्डला उभा होता, मॅच चालू, आणि सातव्या इनिंगच्या मधेच त्याला बाहेर बोलावलं कारण तो ट्रेडमध्ये गेला होता! सगळं स्टेडियम उभं राहिलं. बरोबर एक वर्षानं प्राइसलाही टोरंटोला दिलं, आलेल्या पोरांत मॅट बॉइड बऱ्यापैकी निघाला, बाकी सोडा.

आणि पिचर जस्टिन व्हर्लँडर. ३१ ऑगस्ट २०१७, ट्रेडची मध्यरात्रीची डेडलाइन, शेवटच्या काही सेकंदात ह्यूस्टनला. मी दोनच आठवडे आधी त्याची ३५ नंबरची जर्सी घेतलेली!! त्यानं त्याच वर्षी ह्यूस्टनला वर्ल्ड सिरीज मिळवून दिली आणि आपल्याला जी तीन पोरं आली त्यातला मुख्य म्हणून गाजावाजा झालेला फ्रँकलिन पेरेझ डेट्रॉईटकडून मेजर लीगमध्ये एक बॉल टाकू शकला नाही. जेक रॉजर्स तेवढा अजून कॅचर म्हणून आहे.

म्हणून मिलवॉकीवाल्यांचं ऐकू नका. ट्रेडमध्ये ऑर्टिझ येतो तसा पेरेझही येतो.

कोथरूडचा_बॅकफूट:
मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण धागा वाचतोय. आपल्या जडेजा-सॅमसनसारखंच ना हे? गेल्याच महिन्यात जडेजा चेन्नईतून राजस्थानला. एक शंका, हा स्कूबल एवढा भारी आहे तर इतकी वर्षं टीमकडे बांधलेला कसा राहिला, दर तीन वर्षांनी मेगा ऑक्शन वगैरे नसतं का?

नोव्हीकर:
@कोथरूड, ऑक्शन नसतं हो. मला कलीगनं समजावलं ते असं की हा आपल्याकडच्या कंपन्यांच्या बाँडसारखा प्रकार आहे. मेजर लीगमध्ये सहा वर्षं भरेपर्यंत खेळाडू टीमचा, पहिली साधारण तीन वर्षं अगदी कमी पगार, नंतरची तीन वर्षं पगारावर भांडायची सोय, सहा वर्षं झाली की मोकळा. स्कूबलला २०२५ मध्ये एक कोटी डॉलरच्या जरा वर मिळाले, आपल्याला आकडा ऐकून चक्कर येते, पण बाजारात त्याच्या लेव्हलच्या माणसाला तीन-चार कोटी वर्षाला मिळतात. म्हणजे सध्या तो स्वस्तात राबतोय.

ताई, तुमचं सगळं वाचलं, पण मग तुमचं मत काय? करार वाढवा असं?

ट्रॉयची_ताई:
नाही ना, तेच लिहायचं राहिलं, भाजी करपत होती.

कब्रेरा बॅटर होता. पिचरचं वेगळं असतं, आणि स्कूबलच्या डाव्या हाताचं दोनदा ऑपरेशन झालंय, कॉलेजात असताना २०१६ मध्ये टॉमी जॉन (कोपराचं) आणि मग ऑगस्ट २०२२ मध्ये फ्लेक्सर टेंडन. स्टीफन स्ट्रासबर्ग आठवतो का, पिचर, २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), लगेच सात वर्षांचे २४.५ कोटी, आणि त्यानंतर त्यानं एकूण आठ मॅच टाकल्या. आठ! शिवाय स्कूबलचा एजंट स्कॉट बोरास, तो आपल्या खेळाडूंना बाजारात नेल्याशिवाय सहसा सही करू देत नाही. जपानी पिचर यामामोटोला लॉस एंजेलिसनं ३२.५ कोटी दिले ते तो इकडे एक बॉल टाकायच्या आधी, त्यामुळे बोरासची बोली तिथून पुढेच सुरू होणार हे उघड आहे.

मग मी काय करीन? काहीच नाही करणार. २०२६ ला त्याला खेळवीन. लोक असं बोलतात जसं काही विका किंवा बांधा हे दोनच रस्ते आहेत. अहो, माणूस आत्ता तुमच्याकडे आहे, वापरा की! १० ऑक्टोबरची सिएटलची मॅच बघितलीत ना? सहा इनिंग, १३ स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं), त्यातले सात लागोपाठ, ९९ बॉल टाकून तो आत गेला तेव्हा आपण २-१ पुढे होतो. आणि मग बाकीच्यांनी ती नऊ इनिंगची मॅच पंधराव्या इनिंगपर्यंत नेऊन ३-२ नं हरून दाखवली, इथे रात्रीचा एक वाजून गेला होता, नवरा सोफ्यावर घोरत होता. त्या रात्री कमी पडला तो बाकीचा संघ. म्हणून पैसे खर्च करायचेत तर या हिवाळ्यात त्याच्या आजूबाजूला करा.

एक्स्टेन्शन द्यायचंच तर रायली ग्रीनशी बोला, २०२५ ला ३६ होमरन मारलेत आणि तो २०२८ पर्यंत आपलाच आहे, म्हणजे आत्ता बोलायला वेळ आहे. कोल्ट कीथला तर मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळायच्या आधी सहा वर्षांचे २.८६ कोटी देऊन बांधलं, ती खरी हुशारी. शर्झरच्या वेळी चूक नकार ऐकण्यात नव्हती, २०१२ मध्येच बांधून टाकलं नाही ही होती. स्कूबललाही विचारायची वेळ निघून गेली.

मिलवॉकीवाला:
ताई मुद्दा कळतो, पण शेवटी फुकट जाऊ देणार? एंजल्सनी २०२३ मध्ये जपानी स्टार ओहतानीला हेच करून बघितलं, विकला नाही, उलट जुलैत आणखी खेळाडू घेतले, प्लेऑफ नाही मिळालं, तो ७० कोटींना शेजारच्याच लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि यांच्या हातात एक पिक. तुमच्याच टायगर्सनी २०२४ च्या जुलैत जॅक फ्लॅहर्टीला डॉजर्सना दिलं, बदल्यात आलेला ट्रे स्वीनी ऑक्टोबरमध्ये तुमचा शॉर्टस्टॉप होता. म्हणजे विकूनही प्लेऑफला गेलात की.

ट्रॉयची_ताई:
फ्लॅहर्टी आणि स्कूबल एका मापात मोजता? आणि एंजल्सची टीमच नव्हती हो धड, त्यांचा स्टार ट्राउट जखमी, पिचिंग नाही. आपण जुलैत डिव्हिजनमध्ये क्लीव्हलँडच्या साडेपंधरा मॅच पुढे होतो (ते घालवलं ही वेगळी रडकथा). जिंकण्याच्या बेतात असलेल्या टीमनं आपला एक नंबरचा पिचर विकला तर लॉकर रूममधले बाकीचे पंचवीस जण काय समजायचं ते समजतात. वॉशिंग्टननं आपला स्टार बॅटर सोटो विकला, त्यांना वूड, गोर, एब्रम्स अशी तिन्ही पोरं मस्त मिळाली, ट्रेड म्हणून पैकीच्या पैकी मार्क, आणि २०२५ मध्ये ते ९६ मॅच हरले. हां, जुलैअखेर आपण दहा मॅचनी मागे असलो तर मी स्वतः म्हणेन विका.

कोथरूडचा_बॅकफूट:
म्हणजे शेवटी जर्सी घ्यायची की नाही?

नोव्हीकर:
घेतली. मुलीला हा सगळा धागा वाचून दाखवला, तिला व्हर्लँडरच्या जर्सीचा भाग सगळ्यात आवडला. म्हणाली एक साइज मोठी मागव, दोन वर्षं चालेल. मी म्हटलं अगं तो एकच वर्ष आहे इथे. तर म्हणाली मी तर आहे ना.

ट्रॉयची_ताई:
गोड आहे हो लेक. माझी ३५ नंबरची अजून कपाटात आहे, आता घर रंगवताना घालते.