मुख्य स्ट्रायकर गेल्यानंतर संघाची मांडणी कशी बदलावी?

प्रश्न : एक प्रशिक्षक, टिळकवाडी, बेळगाव

सर्वांना नमस्कार. बेळगावातील एका स्थानिक फुटबॉल संघाला मी गेली सहा वर्षे शिकवतो. संघातील निम्मी मुले महाविद्यालयात आहेत आणि उरलेली उद्यमबागेतील फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये पाळीने कामाला जातात, त्यामुळे पूर्ण संघ मैदानावर एकत्र मिळतो तो आठवड्यातून फार तर दोन सकाळी. आमचा मुख्य स्ट्रायकर, म्हणजे सर्वांत पुढे राहून गोल करणारा खेळाडू, दोन महिन्यांपूर्वी सैन्यात भरती झाला. भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावायला मीच त्याच्यासोबत जात होतो आणि त्याची निवड झाल्याचे कळले त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. त्यामुळे तो गेल्याची तक्रार मुळीच नाही. प्रश्न आहे तो मागे राहिलेल्या दहा जणांचा.

आम्ही 4-4-2 खेळत होतो, म्हणजे मागे चार बॅक (बचावपटू), मध्ये चार हाफ (मध्यरक्षक) आणि पुढे दोन. स्टॉपर बॅकने (मधोमध खेळणाऱ्या बचावपटूने) उंच चेंडू मारावा, आमच्या स्ट्रायकरने तो छातीवर किंवा डोक्याने घ्यावा, पाठीला चिकटलेल्या बचावपटूला थोपवून धरावे आणि बाजूने धावत येणाऱ्याला चेंडू द्यावा किंवा स्वतः वळून मारावा, एवढ्यावर आमचे आक्रमण उभे होते. गेल्या मोसमातील निम्म्याहून अधिक गोल त्याच्या एकट्याचे होते. तो गेल्यानंतरच्या चार सामन्यांत आमचा एकच गोल झाला, तोही कॉर्नरनंतरच्या गर्दीत. त्याच्या जोडीला खेळणारा अठरा वर्षांचा मुलगा चपळ आहे, पण अंगाने किरकोळ असल्यामुळे उंच चेंडूवर समोरचा स्टॉपर त्याला सहज बाजूला सारतो. मध्यंतरी मी 'फॉल्स नाइन'चा प्रयोग केला, म्हणजे एका मध्यरक्षकाला सर्वांत पुढे ठेवून वारंवार मागे येत खेळायला सांगितले, आणि तो सामना आम्ही तीन गोलने हरलो.

मंडळाच्या बैठकीत आता असा सूर आहे की स्पर्धेपुरता गोव्याहून एखादा स्ट्रायकर मानधनावर आणावा. माझे मन त्याला तयार होत नाही, पण केवळ मन तयार नाही म्हणून मंडळाला नकार देणे योग्य ठरणार नाही. आहे त्याच मुलांतून नवी मांडणी उभी करता येईल का, आणि करायची झाल्यास सुरुवात कोठून करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर : कॅम्पातील एक जुना सेंटर हाफ

सर, आपण किती गोल केले ते लिहिले आहे, पण किती गोल खाल्ले ते लिहिलेले नाही, आणि माझ्या मते उत्तर तिथेच दडलेले आहे. आपण वर्णन केलेला मुलगा केवळ गोल करणारा नव्हता. बचावफळीवर दडपण आले की डोळे झाकून चेंडू ज्याच्याकडे मारावा असा तो माणूस होता. त्याने चेंडू पाच-सात सेकंद पायाशी धरला की तेवढ्या वेळात आपले चार बॅक श्वास घेत आणि हाफ पुढे सरकत. आता तोच उंच चेंडू समोरचा स्टॉपर डोक्याने परत पाठवतो, आपल्या बॅकना तो पुन्हा मारावा लागतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्यांचे पाय जड होतात. आपल्या चार सामन्यांतील विरोधी गोल कोणत्या मिनिटाला झाले ते पाहा. बहुतेक उत्तरार्धात झाले असतील असा माझा अंदाज आहे.

मोठ्या संघांतही हेच दिसते. स्पेनच्या रियल माद्रिद क्लबने 2017-18 च्या लीगमध्ये 94 गोल केले, त्यांतील 26 रोनाल्डोचे होते. 2018 मध्ये तो गेल्यानंतरच्या मोसमात संघाचे गोल 63 वर आले. आता यात बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी की त्याच्यासोबत पुढे खेळणाऱ्या बेंझेमाने त्याची जागा भरून काढण्याचा पुरेपूर प्रयत्न केला आणि स्वतःचे लीगमधील गोल 5 वरून 21 वर नेले. म्हणजे या दोघांना वगळले, तर उरलेल्या संघाचे गोल 63 वरून 42 वर घसरले. त्या मोसमात तीन प्रशिक्षक बदलले, हे कारणही आहेच; तरीही गेलेला माणूस स्वतःच्या गोलांपेक्षा कितीतरी अधिक काही बरोबर घेऊन जातो, एवढे या आकड्यांवरून मान्य करावे लागते. विरोधी बचावातील दोन माणसे त्याच्यावर खिळून राहत असत आणि इतरांना मिळणारी मोकळी जागा त्यातून तयार होत असे.

याच्या उलट टॉटनहॅम या इंग्लिश क्लबचे उदाहरण घ्या. 2022-23 मध्ये त्यांच्या 70 लीग गोलांपैकी 30 एकट्या हॅरी केनचे होते, आणि पुढचा मोसम सुरू होता होता, ऑगस्ट 2023 मध्ये, तो जर्मनीच्या बायर्न क्लबला गेला. त्याच्याविना टॉटनहॅमने 74 गोल केले आणि आठव्या क्रमांकावरून पाचव्यावर आले. सोन ह्युंग-मिन अनेक सामन्यांत मधोमध खेळला आणि त्याने 17 गोल केले, परंतु त्याला केनसारखे खेळायला कोणी सांगितले नव्हते. नवे प्रशिक्षक पोस्टेकोग्लू यांनी बचावफळी वर चढवली, चेंडू गमावताच तो परत मिळवण्यासाठी पूर्ण संघाला पुढे धाडले, आणि मग सोनला स्टॉपरच्या पाठीमागे धावायला जागा मिळाली. बचावात त्यांनी बरेच गोल खाल्ले, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून माझा सल्ला असा की बैठकीत 'त्याच्या जागी कोण' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. तो मुलगा मैदानावर जी कामे करत होता ती एका वहीत लिहून काढावीत आणि प्रत्येक काम कोणाला जमेल ते पाहावे. लांब चेंडू धरणे हे काम कोणालाच जमणार नसेल, तर तो चेंडू मारणेच थांबवावे लागेल. आपल्याकडे अंगाने भक्कम, शांत डोक्याचा एखादा हाफ असेल तर त्याला दोन स्टॉपरच्या पुढे उभा करावा आणि बॅकने चेंडू मिळताच आधी त्याच्याकडे पाहावे. त्याच्या पुढे दोन हाफ, आणि सर्वांत पुढे तीन जण. म्हणजे आपले 4-4-2 मोडून 4-3-3 होईल. तो चपळ मुलगा मधोमध राहील, पण स्टॉपरशी खांद्याला खांदा न लावता स्टॉपर आणि बॅक यांच्या मधल्या फटीत धावेल. गोल मात्र त्याच्याकडून मागू नयेत. ते मागून धावत येणाऱ्या दोन हाफांनी आणि उलट्या बाजूच्या विंगरने (कडेने खेळणाऱ्या आक्रमकाने) करायचे.

यासाठी आम्ही एक सराव करत असू. अर्ध्या मैदानात सहा विरुद्ध पाच खेळवायचे आणि चेंडू पेनल्टी बॉक्समध्ये शिरला त्या वेळी जो बॉक्सच्या बाहेर होता, त्यानेच मारलेला गोल धरायचा. सुरुवातीला पोरे कंटाळतात, कारण पंधरा-पंधरा मिनिटे गोलच होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाफना आपोआप कळू लागते की पास देऊन उभे राहायचे नसते.

उत्तर : खानापूर तालुक्यातील एक क्रीडाशिक्षक

वरील काकांच्या विवेचनाविषयी मला आदर आहे, विशेषतः कामे लिहून काढण्याची सूचना मी स्वतः अमलात आणणार आहे. परंतु एका मुद्द्यावर मी सहमत नाही. मागून आखूड पास देत चढायचे हे हिरवळीवर ठीक आहे. आमच्याकडे जुलैत जो पाऊस लागतो त्यात तांबड्या चिखलाच्या मैदानावर दहा यार्डांचा पास सहाव्या यार्डावर अडकतो, आणि तो आपल्या पेनल्टी बॉक्ससमोर अडकला तर पुढे काय होते हे सांगायला नको. आपला 'फॉल्स नाइन'चा सामना पावसात झाला होता का? स्पेनने 2012 च्या युरो स्पर्धेत जायबंदी दाव्हिद व्हियाच्या अनुपस्थितीत फॅब्रेगासला पुढे खेळवले आणि अंतिम सामन्यात इटलीला 4-0 असे हरवले, हे खरे. पण त्याच्या मागे झावी आणि इनिएस्टा यांच्यासारखे अव्वल मध्यरक्षक होते, आणि मैदान गालिच्यासारखे होते.

पावसाळ्यापुरते लांब चेंडू सोडू नयेत, फक्त त्यांची दिशा बदलावी असे मला वाटते. मधोमध स्टॉपरच्या डोक्यावर न मारता कोपऱ्याकडे, बॅकच्या मागे मारावेत. तो चपळ मुलगा तिथे चेंडूवर आधी पोहोचला तर उत्तमच. नाही पोहोचला तरी घाईत सापडलेला बॅक चेंडू बाहेर घालवतो आणि आपल्याला त्यांच्या बाजूला थ्रो-इन मिळतो. थ्रो-इनवर थेट ऑफसाइड होत नाही, म्हणजे चेंडू घेणारा बचावफळीच्या पुढे उभा असला तरी चालते, हा नियम सर्वांना पाठ असतो, पण त्याचा उपयोग करणारे संघ आपल्या भागात मी फार कमी पाहिले. लांब थ्रो करणारा एक मुलगा शोधा आणि त्याच्याकडून रोज वीस थ्रो करून घ्या. ओल्या चेंडूसाठी टॉवेल जवळ ठेवा. आठवड्यातून दोनच सकाळी सराव असताना पूर्ण नवी पद्धत बसवण्यापेक्षा हे लवकर साधेल.

आपली स्पर्धा पावसात आहे की दिवाळीनंतर, एवढे मात्र अवश्य कळवा, कारण दिवाळीनंतरच्या टणक मैदानावर मी माझा हा सल्ला मागे घेईन.

उत्तर : निपाणीच्या एक वाचक, शाळेतील मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक

मांडणीविषयी वरील दोघांनी लिहिले आहे, त्यात मी भर घालणार नाही. मला बोलायचे आहे ते बाहेरून आणायच्या खेळाडूविषयी आणि त्या अठरा वर्षांच्या मुलाविषयी.

निपाणीहून कोल्हापूर जवळ असल्याने शाहू स्टेडियमवरील सामने मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. तिथल्या तालमींचे आणि मंडळांचे संघ बाहेरगावचे, कधी परदेशी खेळाडूही आणतात, आणि त्यामुळे खेळाचा दर्जा वाढलेला मी पाहिला आहे, तेव्हा या प्रथेला माझा सरसकट विरोध नाही. मात्र तिथे तो खेळाडू संघासोबत मोसमभर राहतो, सराव करतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री बसने उतरलेल्या माणसाला आपला विंगर डाव्या पायाने क्रॉस टाकतो की उजव्या, हेही ठाऊक नसते. शिवाय तो आला की आपला संघ पुन्हा त्याच्या डोक्यावर चेंडू मारू लागेल आणि स्पर्धा संपून तो गेला की आपण आज जिथे आहात तिथेच परत याल.

भारतीय संघाचे उदाहरण ताजे आहे. भारताचा कर्णधार आणि स्ट्रायकर सुनील छेत्रीने 6 जून 2024 रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला, तेव्हा त्याच्या नावावर 151 सामन्यांत 94 आंतरराष्ट्रीय गोल होते. 2024 हे पूर्ण वर्ष भारताने एकही सामना न जिंकता काढले, आणि मार्च 2025 मध्ये मालदीवविरुद्धच्या सामन्यासाठी छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावण्यात आले. भारत 3-0 असा जिंकला, छेत्रीनेही एक गोल केला. चाळिशीला टेकलेल्या त्या खेळाडूविषयी माझ्या मनात अपार आदर आहे; पण त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न त्या विजयाने सुटला नाही, पुढे ढकलला गेला. मंडळाला हेच समजावून सांगावे असे मी सुचवते.

आता त्या मुलाविषयी. 1962 च्या विश्वचषकात दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी झाला आणि त्याच्या जागी आमारिल्डो आला. स्पेनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ब्राझील एका गोलने मागे असताना त्याने दोन गोल केले, आणि अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध बरोबरीचा गोलही त्याचाच होता. पण पेलेचे ओझे त्याने एकट्याने वाहिले नाही. त्या स्पर्धेत गारिंचा नेहमीच्या उजव्या कडेवरून आत येऊन डोक्याने, डाव्या पायाने गोल करू लागला. आपल्या संघात वयाने मोठा, जबाबदारी अंगावर घेणारा खेळाडू कोण आहे? त्याला आधी बोलावून बोला, आणि त्या मुलाला पुढील तीन सामने काहीही झाले तरी मैदानाबाहेर काढणार नाही असे स्पष्ट सांगा. प्रत्येक चुकीनंतर बाकाकडे पाहणारा स्ट्रायकर गोल करू शकत नाही, हे मी माझ्या मुलींमध्ये अनेकदा अनुभवले आहे.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे वही काढून बसलो. चार सामन्यांत आम्ही नऊ गोल खाल्ले, त्यांतील सहा शेवटच्या पंचवीस मिनिटांतील आहेत आणि तीन कॉर्नरवरचे. कॉर्नरवरच्या गोलांनी माझे डोळे उघडले, कारण विरोधी कॉर्नरच्या वेळी जवळच्या खांबापाशी उभा राहून चेंडू डोक्याने बाहेर काढायचे काम हाच स्ट्रायकर करत होता आणि तो गेल्यावर ती जागा कोणाला दिलीच नाही, हे माझ्या लक्षातसुद्धा आले नव्हते.

खानापूरच्या सरांना सांगायचे तर हो, 'फॉल्स नाइन'चा सामना भर पावसात झाला होता. आमची स्पर्धा दिवाळीनंतर आहे, पण तोवरचे मैत्रीपूर्ण सामने चिखलातच होतील. म्हणून असे ठरवले आहे की मांडणी आतापासून 4-3-3 ठेवायची, मात्र पाऊस असेल त्या दिवशी चेंडू कोपऱ्याकडे मारायचा आणि थ्रो-इनचा सराव करायचा. बॉक्सबाहेरून आलेल्याच्याच गोलाचा सराव काल पहिल्यांदा घेतला. चाळीस मिनिटांत एकच गोल झाला, तो फौंड्रीत रात्रपाळी करून थेट मैदानावर आलेल्या आमच्या सर्वांत वयस्क हाफने केला. ताईंनी विचारलेला माणूस बहुधा तोच असावा. त्याच्याशी बोलणे झाले आहे आणि मुलालाही तीन सामन्यांचा शब्द दिला आहे.

मंडळाने गोव्याच्या खेळाडूचा विषय पुढील बैठकीपर्यंत थांबवला आहे. रविवारच्या सामन्यात जवळच्या खांबापाशी उजव्या बॅकला उभे करणार आहे. त्याची उंची पुरेशी आहे, पण हेडर मारताना तो डोळे मिटतो, ती सवय तेवढी या आठवड्यात मोडायची आहे.