अँटिहीरोला ‘प्रतिनायक’ म्हणावं का?

रातराणी :
‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेवर एक लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. कॅन्सर झाल्यावर चोरून ड्रग बनवायला लागलेला त्यातला मास्तर, वॉल्टर व्हाइट, त्याला मराठीत काय म्हणू? ‘नायक’ लिहिलं की हातात नारळ देऊन त्याचा सत्कार केल्यासारखं वाटतं. ‘खलनायक’ म्हटलं तर गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी आहे असा समज होतो. अँटिहीरोसाठी, म्हणजे गोष्ट ज्याची आहे पण ज्याच्यात नायकाचे गुण नाहीत अशा पात्रासाठी, ‘प्रतिनायक’ वापरलेला बऱ्याच ठिकाणी पाहिलाय. तो चालेल का?

जुनी पाटी :
नाही चालणार. तो शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेला आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात प्रतिनायकाची व्याख्याच दिली आहे : ‘लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः’. म्हणजे लोभी, उद्धट, ताठर, पाप करणारा, व्यसनी आणि नायकाचा शत्रू. त्या ग्रंथावरच्या भाष्यात उदाहरणं आहेत ती रामासमोर रावण आणि युधिष्ठिरासमोर दुर्योधन अशी. म्हणजे प्रतिनायक हा नायकाच्या समोर उभा ठाकणारा. अँटिहीरो तर स्वतःच गोष्टीच्या मधोमध बसलेला असतो.

गंमत मात्र पाहा. ही विशेषणं एकेक करून वॉल्टरला लावून बघा. लोभी? पैसे मोजता येईनात इतके झाले तरी थांबत नाही. ताठर? पहिल्या सीझनच्या पाचव्याच भागात जुने श्रीमंत मित्र त्याच्या कॅन्सरच्या उपचारांचा खर्च उचलायला तयार होतात आणि हा नुसत्या अहंकारापोटी नाही म्हणतो. पापकृत् तर विचारायलाच नको. धनंजयाच्या यादीतलं ‘रिपु’ सोडून सगळं जुळतं. तरी आपल्याकडे त्याला सर्रास ‘हिरो’ म्हणतात, कारण कॅमेरा त्याच्या मागे फिरतो.

‘नायक’ हा ‘नी’ धातूपासून आला, म्हणजे नेणारा. कथा पुढे नेतो तो नायक. कुठे नेतो हे त्या शब्दात कुठेच नाही. पण शास्त्रकारांनी नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत असे चार प्रकार केले आणि मराठीने त्यातला पहिलाच तेवढा उचलला. म्हणून नायक म्हटलं की आपोआप उदात्तपणा चिकटतो.

टिंबटिंब :
एवढा काथ्याकूट कशाला? नायकच लिहा. साधा मास्तर, पगार पुरत नाही, कॅन्सर झालेला, घरात बाळ येणार. त्याने जे केलं ते कुटुंबासाठी केलं. खरी व्हिलन स्कायलर. सतत नवऱ्याच्या मागे कटकट.

रातराणी :
@टिंबटिंब, ‘कुटुंबासाठी’ हे कोण म्हणतं? वॉल्टरच म्हणतो, वारंवार. आणि शेवटच्या भागात तोच स्कायलरसमोर कबूल करतो की हे सगळं मी माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं. मालिकेने 62 भाग घेऊन पात्राच्या तोंडून हे वदवून घेतलं, तरी प्रेक्षक त्याची जुनी सबब घेऊन बसलेत.

आणि कटकट म्हणजे नक्की काय? नवरा चोरून मेथ नावाचं ड्रग बनवतो, घरी खोटं बोलतो आणि बायको विचारते, ‘कुठे होतास?’ शेजारच्या घरात हे घडलं असतं तर तुम्ही कुणाची कड घेतली असती?

गावकूस :
हे प्रकरण शब्दापुरतं राहिलं नव्हतं. स्कायलरचं काम करणाऱ्या अ‍ॅना गनने ऑगस्ट 2013 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला. स्कायलरचा द्वेष करणारी फेसबुक पानं निघाली होती, आणि तो राग पुढे पात्रावरून खुद्द तिच्यावर आला. ती कुठे सापडेल, मला तिला मारायचंय, असंही कुणी तरी लिहिलं होतं. त्याच वर्षी तिला या कामासाठी एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं, पुढच्या वर्षी पुन्हा.

आपल्याकडे निळू फुल्यांचा दाखला लगेच देतात, की पडद्यावरचा पाटील बघून बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. पण मला ही दोन उदाहरणं एका माळेतली वाटत नाहीत. त्या बायकांची नट आणि पात्र यांत गल्लत झाली असेल, पण पात्र त्यांना बरोबर कळलं होतं. पाटील वाईट होता, त्यांनी त्याला वाईटच म्हटलं. स्कायलरच्या बाबतीत लोकांनी आधी पात्र उलटं वाचलं आणि मग नटीला धरलं.

आता मूळ विषयाला जोडून. माझ्या मते गोंधळाचा शब्द ‘नायक’ नाहीच, ‘भूमिका’ आहे. नटाची भूमिका म्हणजे त्याने वठवलेलं काम. पक्षाची भूमिका म्हणजे त्याचं मत. मराठीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे ‘मालिकेची भूमिका’ आणि ‘मालिकेतली भूमिका’ यांची सरमिसळ फार सहज होते. पात्र बोललं की लेखकच बोलला असं धरून चालतात. ‘सखाराम बाइंडर’ 1972 मध्ये कोर्टात गेलं तेव्हाही, सखारामचं बोलणं ही तेंडुलकरांचीच भूमिका, असं मानणारे कमी नव्हते.

जुनी पाटी :
@गावकूस, भूमिकेचं पटलं, पण दोष शब्दाचा कसा? इंग्रजीत दोन्हीला वेगळे शब्द आहेत, तरी तिथे हेच होतं. अमेरिकेत सीबीएसवर 1971 ते 1979 ‘ऑल इन द फॅमिली’ चालली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला आर्ची बंकर काळे, ज्यू, बायका, सगळ्यांबद्दल वाटेल ते बोलायचा. निर्माता नॉर्मन लिअर याला त्या पूर्वग्रहांची टर उडवायची होती. 1974 मध्ये विडमार आणि रोकीच या दोघांनी प्रेक्षकांचा अभ्यास छापला. त्यात असं आढळलं की ज्यांच्या मनात मुळातच पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्ची जास्त भावतो. हसत दोन्ही गट होते. एक आर्चीला हसत होता, दुसरा आर्चीबरोबर. 1972 च्या निवडणुकीच्या वर्षात तर ‘आर्ची बंकर फॉर प्रेसिडेंट’ असे बिल्ले विकले जात होते. ते लावणाऱ्यांत थट्टा म्हणून किती आणि मनापासून किती, हे बिल्ला बघून कसं ओळखणार?

उपरोध म्हणतात तो हा. तो कळायला ऐकणाऱ्याकडे बोलणाऱ्याइतकीच तयारी लागते, आणि मालिका तर घराघरात जाते. लिअरला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण आर्चीला इतका लाघवी नट मिळाला, कॅरल ओकॉनर, की लोकांना तो आवडणार नाही तर काय!

टिंबटिंब :
लाघवी नट हा मुद्दा वॉल्टरलाही लागू आहे ना? ब्रायन क्रॅन्स्टनला बघून माझी त्याला शिव्या द्यायची इच्छाच होत नाही. आवडू द्या की!

रातराणी :
आवडू दे, मलाही आवडतो. मी ती मालिका दोनदा पाहिलीय ती त्याच्यासाठीच. पण आवडणं वेगळं आणि री ओढणं वेगळं.

मराठीत शेलका शब्द आहेच म्हणा. ‘काय पात्र आहे हा माणूस!’ असं आपण म्हणतो ना, त्यात नवल असतं, थोडी धास्ती असते, शिफारस नसते. मी ‘मुख्य पात्र’ लिहिते. अँटिहीरो समजावून सांगायची वेळ येईल तिथे ‘अँटिहीरो’च लिहीन. ‘अनायक’ सुचवणाऱ्या एका मित्राला मी ‘विनायक’ तरी का नको, असं विचारलं. तेव्हापासून तो गप्प आहे.

गावकूस :
‘मुख्य पात्र’ उत्तम. फक्त ‘पात्र’चा ‘लायक’ हा अर्थ डोक्यात ठेवून कुणी वाचू नये म्हणजे मिळवली.

टिंबटिंब :
ठीक, प्रतिनायक बाद, व्हिलन बाद. मग ड्रगविरोधी खात्यातल्या हँकला काय म्हणणार? तो तर कायम वॉल्टरच्या मागावर.

जुनी पाटी :
साडू.