जंत्रीच्या भावाने वाटा घेऊ नका

ताई, घटस्फोटाची वाटणी, बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर, खाली भाडेकरू, आणि सासरचे म्हणतात जंत्रीने (गुजरात सरकारच्या जमीन-घराच्या दरपत्रकाने) किंमत धरून तुमचा वाटा देऊ. अजिबात हो म्हणू नका! जंत्री स्टँप ड्युटीसाठी असते. २०११चे दर १५ एप्रिल २०२३पासून साधारण दुप्पट झाले, तरी बाजारभाव वेगळाच. तुम्ही आणि नवऱ्याने मिळून रजिस्टर्ड व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा नोंदणीकृत तज्ज्ञ) नेमा, फी निम्मी-निम्मी. तो मोजमापाला येईल तेव्हा स्वतः हजर राहा; गच्चीची गळती, भाड्याच्या पावत्या, वाढीव खोलीची परवानगी, सगळं दाखवा. भाडेकरू बसलेला असला की भाव पडतो, तेवढं धरून चला. घराचं शिल्लक कर्ज वजा करूनच वाटा काढतात. हप्ते तुमच्या खात्यातून गेले असतील तर बँकेचं स्टेटमेंट आजच काढा, कारण आपल्या कायद्यात बायकोला निम्मं घर आपोआप मिळत नाही.