अनुभव सांगा: ऑफिसचं कॅलेंडर सहकाऱ्यांसाठी कितपत उघडं ठेवता?

मेलमधलं कॅलेंडर टीमशी शेअर करायचं म्हटलं की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो सगळं उघडं ठेवा, दुसरा म्हणतो माझा दिवस इतरांनी का बघायचा? मला दोन्ही पटत नाही, कारण शेअर करणं म्हणजे सगळं दाखवणं नव्हे. आउटलुकमध्ये नुसतं 'बिझी की मोकळा' एवढंच दाखवता येतं. त्यापुढे विषय आणि ठिकाण, मग पूर्ण तपशील, मग बदल करायची मुभा आणि सगळ्यात वर डेलिगेट, म्हणजे आपल्या वतीने निमंत्रणांना उत्तर देणारा माणूस. गूगल कॅलेंडरमध्येही साधारण अशाच पायऱ्या आहेत. तुम्ही कुणाला कुठल्या पायरीवर ठेवलंत आणि त्याने कामात काय फरक पडला, ते लिहा. सेटिंगचं नावही द्या, म्हणजे वाचणाऱ्याला लगेच करून बघता येईल.

सुरुवात मी करते. आमच्याकडे सगळ्यांना फक्त 'बिझी की मोकळा' दिसतं आणि मीटिंग ठरवायला तेवढं पुरतं. आउटलुकच्या शेड्युलिंग असिस्टंटमध्ये सगळ्यांच्या वेळेच्या पट्ट्या एकाखाली एक येतात, जिथे सगळ्यांची जागा कोरी असेल ती वेळ धरायची. "तुम्हाला मंगळवारी जमेल का?" ही मेलामेली थांबली. फक्त एक पथ्य पाळावं लागतं: एकाग्रतेने करायचं कामही कॅलेंडरवर टाकायचं. अहवाल लिहायला ठेवलेली सकाळ तिथे दिसली नाही, तर ती कुणीतरी घेणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही.

स्वीय सहायक

मी आमच्या संचालक मॅडमची डेलिगेट आहे. त्यांची निमंत्रणं माझ्याकडे येतात आणि होकार-नकार मी त्यांच्या वतीने कळवते. डेलिगेट नेमताना प्रायव्हेट नोंदी दाखवायच्या का, हा पर्याय वेगळा असतो. मॅडमनी तो बंद ठेवलाय आणि मला ते अगदी योग्य वाटतं. मला त्या वेळेवर कुलूप दिसतं, तिथे काही ठेवायचं नाही एवढं कळतं, बास. पण नुसत्या कुलपावर विसंबू नका. ज्याला कॅलेंडर वाचायची परवानगी आहे, त्याला दुसऱ्या प्रोग्रॅममधून तपशील दिसू शकतो, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. म्हणून दवाखान्याची वेळ असेल तर मॅडम विषयात फक्त 'बाहेर' लिहितात.

टीम लीड

रजेबद्दल सांगतो. आउटलुकमध्ये दिवसभराची नोंद केली की 'शो अ‍ॅज'मध्ये आपोआप 'फ्री' येतं. म्हणजे 'रजा' लिहूनही माणूस इतरांना मोकळाच दिसतो. तिथे 'आउट ऑफ ऑफिस' निवडायला हवं. आता याच्या उलट बाजू. आपली रजा टीमला कळावी म्हणून निमंत्रण पाठवत असाल, तर त्यात 'फ्री'च ठेवा आणि रिमाइंडर काढून टाका. नाहीतर तुमच्या रजेच्या दिवशी अख्खी टीम रजेवर दिसते. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे शेजारी बसून करून दाखवतो.

मनुष्यबळ विभाग

'विषय आणि ठिकाण' ही पायरी निरुपद्रवी वाटते. पण आमच्या कामात विषयच सगळं सांगून जातो. एखाद्याच्या नावापुढे 'बढती' किंवा 'तक्रार' दिसलं की चर्चा सुरू. आमच्या विभागाने संपूर्ण ऑफिससाठी फक्त 'बिझी' ठेवलंय, आणि विषयात नाव कधीच लिहीत नाही.

स्वतंत्र सल्लागार

मी कुठल्याच कंपनीच्या सर्व्हरवर नाही, त्यामुळे मला आयसीएस लिंक, म्हणजे कॅलेंडर बाहेरून बघण्यासाठीचा वेब-पत्ता, लागते. ती जोडली की समोरच्याचं कॅलेंडर माझ्याकडे दिसतं, पण मला त्यात बदल करता येत नाही. शिवाय तिकडचा बदल इकडे यायला कित्येक तास लागू शकतात, म्हणून त्याच दिवशीचा बदल मी फोनवरच विचारते. गूगल कॅलेंडरच्या अशाच लिंकला 'गुप्त पत्ता' म्हणतात, त्याबद्दल काळजी घ्या. ज्याच्या हाती ती लिंक, त्याला पासवर्डशिवाय सगळा तपशील दिसतो. काम संपलं की सेटिंगमध्ये जाऊन ती रीसेट करा, जुनी लिंक लगेच निकामी होते.

दोन खंडांत टीम असलेला

उन्हाळी वेळेसाठी अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं, युरोपात शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे दर आठवड्याची मीटिंग एका बाजूला तासभर सरकते. मीटिंग आयोजकाच्या टाइम झोनला बांधलेली असते, त्यामुळे घड्याळ कुणाचं हलावं हे आधी ठरवा आणि त्याच बाजूच्या माणसाला आयोजक करा.

प्रशासन विभाग

खोल्यांचं कॅलेंडर माझ्याकडे आहे. एक्सचेंजमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर, खोलीलाही स्वतःचा मेलबॉक्स असतो; तो मूळ सेटिंगवर ठेवला, तर तो मीटिंगचा विषय पुसून आयोजकाचं नाव लिहितो. लोकांना हे विचित्र वाटतं, मला फार उपयोगी वाटतं. खोली कुणी धरलीय ते दिसतं, थेट त्यांनाच विचारता येतं, आणि आतला विषय दारावरच्या पडद्यावर येत नाही. दुसरं म्हणजे, खोली किती पुढपर्यंत धरता येते याची मूळ मर्यादा १८० दिवसांची असते. वर्षभराची साप्ताहिक मीटिंग एकदम टाकली की खोली नकार पाठवते. सहा महिन्यांच्या आतली शेवटची तारीख घाला.

आणि कुणी विभाग बदलला की आपल्या कॅलेंडरची परवानगी यादी उघडून बघा. 'बदल करू शकतो' या पायरीवर जुनी नावं तशीच राहिलेली असतात, ती त्याच दिवशी काढा.