प्रति: सॅकमधलं छोटं सर्व्हायव्हल किट

ट्रेकला सॅकमध्ये ठेवायच्या छोट्या सर्व्हायव्हल किटची (अडचणीत जीव वाचवायच्या सामानाची) जी यादी इथे सुचवली आहे, तिच्यातले मासे पकडायचे गळ आणि तारेची करवत काढून टाका, असं आग्रहाने सांगेन. नाशिककडे हरिहर, अंजनेरी किंवा अगदी साल्हेर किल्ल्यावर (१५६७ मीटर) माणूस अडकतो तो धुक्यात वाट चुकल्यामुळे, अंधार पडल्यामुळे नाहीतर उन्हात पाणी संपल्यामुळे. भूक नंतरची गोष्ट.

म्हणून आधी शिट्टी. ओरडून घसा लवकर बसतो. मिनिटभरात सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबून कानोसा घ्यायचा, पुन्हा सहा. ती सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यालाच बांधा. घसरून पडल्यावर सॅक उघडता येईलच असं नाही.

हेडटॉर्च आणि जादा सेल हवेतच. पावसाळ्यात काडेपेटीच्या भरवशावर राहू नका. लायटर आणि व्हॅसलीन चोळलेले कापसाचे बोळे कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीत ठेवा. एक बोळा काही मिनिटं जळतो, तेवढ्यात बारीक काटक्या पेट घेतात. (उन्हाळ्यात मात्र वाळलेल्या गवतात जाळ करूच नका, वणवा लागतो.)

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या बाटलीत ओतू नका.

आणि यादीत सर्पदंशासाठी म्हणून ब्लेड सुचवलंय, ते कृपया नको. चिरा द्यायचा नाही, दोरीने आवळायचं नाही. हातापायाला दंश असेल तर तो अवयव हलू द्यायचा नाही, १०८ला फोन करून सरळ दवाखाना गाठायचा.